हिरव्यांच्या मधले निळे

आमच्या आतोबांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट वायरलेस होऊ दिलेली नाही. त्यांच्या चष्म्याला दोरी आहे, पेनाला दोरी आहे, टॉर्चला दोरी आहे, आणि टीव्हीचा रिमोट सोफ्याच्या उजव्या हाताला सुतळीने बांधलेला आहे. त्यामुळे चॅनल बदलायचं असेल तर सोफ्याच्या उजव्या टोकाला जाऊन बसावं लागतं, आणि तिथे आतोबा बसलेले असतात. वाय-फाय ही त्यांच्या मते एक अफवा आहे. नोव्हेंबरातल्या धुरक्यात आमच्या गुरुग्रामच्या फ्लॅटच्या अकराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत उभं राहून ते समोर बोट दाखवतात. समोर एक चोवीस मजली टॉवर आहे, म्हणजे इतर महिन्यांत असतो. "ज्या हवेतून एवढी इमारत येत नाही," ते म्हणतात, "त्या हवेतून इंटरनेट येतं म्हणे." मग ते आत येतात, बाल्कनीचं दार लावतात आणि दाराच्या फटीतून गेलेली लॅनची केबल चिमटली नाही ना, ते वाकून पाहतात.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. हे मला ऑफिसात दर वेळी समजावून सांगावं लागतं. तिथे मी एकदा ‘फूफाजी’ म्हणाले तर सगळे हसले, कारण इकडे फूफाजी म्हणजे लग्नात रुसून बसणारा आणि ज्याला मनवायला चार माणसं पाठवावी लागतात असा माणूस. आमचे आतोबा लग्नात रुसत नाहीत. ते लग्नाच्या हॉलमध्ये शिरले की राउटर कुठे आहे ते शोधतात, आणि सापडला की त्याच्या मागे जेवणाची घंटा होईपर्यंत उभे राहतात. माझे आईवडील निवृत्तीनंतर नाशिकला गेले आणि मी नोकरीसाठी इथे राहिले, तेव्हापासून मी आत्या-आतोबांकडे मागच्या खोलीत राहते. मी फारशी बोलत नाही. त्या घरात ते खपून जातं, कारण आतोबांना श्रोता लागतो आणि आत्याला साक्षीदार.

आतोबांनी सव्वीस वर्षं पानिपतला नोकरी केली. घर तेव्हा दिल्लीत, नोकरी पानिपतला. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने यायचं. काम हातमागाच्या मालाची तपासणी. दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एक गृहस्थ त्यांची ओळख ‘रोज पानिपतला जाऊन रोज धड परत येणारा एकमेव मराठी माणूस’ अशी करून द्यायचे. लोक हसायचे. आतोबा हसत नसत. ते थोडा विचार करून म्हणायचे, "मी डबा घेऊन जायचो." डबा आत्या करायची, पहाटे पाचला उठून, सव्वीस वर्षं. पण हे वाक्य त्या ओळखीत कधी आलं नाही.

त्या नोकरीने त्यांना दोन सवयी लावल्या. एक म्हणजे जगातली कुठलीही वस्तू पिळावर टिकते ही खात्री. धाग्याला पीळ कमी असेल तर कापड सुटतं, जास्त असेल तर आखडतं. दोराचं तेच, माणसाचं तेच, असं ते सांगतात. कोणाकडे गेले की ते आधी पडद्याचं टोक हातात घेतात. सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या एका पंजाबी बाईंनी कौतुकाने आपली पानिपतची चादर दाखवली, तर आतोबांनी कडेचा एक धागा ओढून, उलटा फिरवून पीळ मोजला, आणि मग तो धागा परत आत जाईना. त्या बाई बघत होत्या आणि चादर त्यांच्या डोळ्यांसमोर बोटभर आखूड होत होती. "माल अच्छा है," आतोबा शेवटी म्हणाले, "बस, खत्म हो रहा है." दुसरी सवय म्हणजे ते सगळा माल कधीच तपासत नाहीत. तपासनीस नमुना तपासतो. आत्या पोळ्या करत असली तर ते तिसरी आणि नववी पोळी उचलून उजेडात धरतात. पहिल्या दोन वाईट झाल्या तरी चालतात, हे आत्याला ठाऊक आहे.

निवृत्तीनंतर पानिपत सुटलं आणि हाताला धागा राहिला नाही. तेव्हा घरात इंटरनेट आलं, आणि बसवायला आलेल्या माणसाने लॅनच्या केबलचं टोक सोलून टेबलावर ठेवलं. त्यातून आठ बारीक रंगीत तारा बाहेर आल्या, दोन-दोन एकमेकींना पीळ घातलेल्या. आत्या सांगते की आतोबांच्या चेहऱ्यावर तसा आनंद तिने त्याआधी एकदाच पाहिला होता, आणि तोही तिच्याकडे बघून नव्हता, लग्नात तिच्या शालूचा पोत बघून होता. आतोबांनी विचारलं की या आठ तारा कुठल्या क्रमाने बसवायच्या. तो मिशाळ, अनुभवी माणूस म्हणाला, "अंकल, कलर से कुछ नहीं होता. बस दोनों साइड सेम होना चाहिए." आतोबांनी त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि पाऊण तास जाऊ दिलं नाही.

क्रम असतो. आतोबांनी तो शोधून काढला आणि मराठी माणसाला समजेल अशा पद्धतीने लावला. मराठी माणसाला, ते म्हणतात, आडनावाशिवाय काही लक्षात राहत नाही. आपल्यात काळे आहेत, गोरे आहेत, तांबडे आहेत. मग केबलमध्येही चार घराणी आहेत. नारिंगे, हिरवे, निळे आणि तपकिरे. प्रत्येक घरात एक जोडपं. पुरुष नखशिखांत एका रंगाचा. बाई पांढऱ्या साडीतली, पण साडीला घराच्या रंगाचे काठ. ही चार जोडपी अख्खी केबलभर एकमेकांना पीळ घालून चालतात आणि शेवटच्या अर्ध्या इंचात, कनेक्टरच्या आठ खुर्च्यांवर, बसायला येतात. सौ. नारिंगे, श्री. नारिंगे. मग सौ. हिरवे. मग श्री. निळे, सौ. निळे. मग श्री. हिरवे. शेवटी सौ. तपकिरे आणि श्री. तपकिरे.

मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी ‘ब्राउन’ म्हणाले. आतोबांनी केबल खाली ठेवली. "कोण?" त्यांनी विचारलं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, रंग मला मराठीत साडेपाच येत होते. तपकिरी हा शब्द मी आत्याच्या तोंडून ऐकला होता, पण तो तप करणाऱ्या माणसाबद्दल असावा असं मला वाटायचं, कारण साधू साधारण त्याच रंगाचे होतात. आतोबांनी समजावलं की तो तपकिरीवरून आला, नाकात ओढायची ती, आणि कशी ओढायची ते दाखवण्याच्या नादात, तपकीर नसतानाही, सलग सात वेळा शिंकले. तेव्हापासून तो शब्द मला विसरता येत नाही. केशरी म्हणालेलं त्यांना चालत नाही. केशरी श्रीखंड असतं. केबलमध्ये नारिंगे राहतात.

आत्याला मात्र या सगळ्यात एकच गोष्ट खटकत आली. हिरवे. तीन जोडपी शेजारी-शेजारी बसतात आणि एकट्या हिरव्यांच्या मधे निळे येऊन बसतात, हे तिला मान्य नव्हतं. बरं, निळे येतात तेही उलटे, आधी नवरा मग बायको, म्हणजे सौ. हिरव्यांच्या मांडीला मांडी लावून श्री. निळे. आत्याने पहिल्याच दिवशी श्री. निळ्यांबद्दल वाईट मत करून घेतलं. आतोबांनी तिला सांगून पाहिलं की मधल्या दोन खुर्च्या टेलिफोनच्या काळापासून निळ्यांच्या आहेत, ते तिथले मूळ रहिवासी, बाकीचे नंतर आले. आत्या म्हणाली, मूळ रहिवासी असले म्हणून काय झालं, थोडं सरकून बसता येतं. बिलकूल सरकता येत नाही, आतोबा म्हणाले. हा वाद त्या घरात अशा गांभीर्याने चालायचा की एकदा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला लिफ्टमध्ये हळूच विचारलं, की हिरव्यांचं पुढे काय झालं, घटस्फोट झाला का.

आणि आतोबांचा सिद्धान्त केबलपुरता राहता तर ठीक होतं. त्यांनी तो जेवणाच्या टेबलावर आणला. एकदा सोसायटीतली तीन मराठी जोडपी जेवायला बोलावली. घरची धरून चार. आतोबांनी खुर्च्यांवर चिठ्ठ्या ठेवल्या. हिरव्यांची जागा घरच्यांनी घ्यायची हा यजमानांचा शिष्टाचार, म्हणून आत्या तिसऱ्या खुर्चीवर, आतोबा सहाव्या, आणि मधे एका विमा कंपनीतले गृहस्थ सपत्नीक. आत्याला आमटी हवी का, हे आतोबांनी त्या गृहस्थांमार्फत विचारलं. उत्तरही त्यांच्यामार्फत आलं. आतोबांच्या मते तो कार्यक्रम अत्यंत यशस्वी झाला, संदेश कुठेही हरवला नाही. आत्या भांडी आवरताना मला एवढंच म्हणाली, "सव्वीस वर्षं मधे पानिपत होतं. आता हे निळे आलेत."

गेल्या नोव्हेंबरात जे झालं ते यातूनच झालं. दर नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना आपण जिवंत असल्याचं कळवावं लागतं. मी त्याला ‘लाइफ सर्टिफिकेट’ म्हणत असे. आतोबा ‘हयातीचा दाखला’ म्हणतात. हयात हा शब्दही मला नवीन होता. मला तो एखाद्या मोठ्या हॉटेलचं नाव वाटला. इतकी वर्षं आतोबा स्वतः दिल्लीतल्या शाखेत जाऊन, काउंटरसमोर ताठ उभे राहून हयात असायचे. त्या वर्षी बँकेने कळवलं की व्हिडिओ कॉलवरही चालेल. आतोबांना ती कल्पना एकदम पटली. एका तारेच्या टोकाला आपण बसायचं आणि दुसऱ्या टोकाला सरकारने ते पाहायचं, यात त्यांना काहीतरी भव्य वाटलं. पण त्यासाठी साधी केबल चालणार नव्हती. त्यांनी नवीन केबल टाकायचं ठरवलं, दिवाणखान्यातल्या राउटरपासून माझ्या मागच्या खोलीपर्यंत, कारण तिथे भिंत पांढरी आहे. सरळ गेलं तर हे अंतर बारा पावलं आहे. पण उंबऱ्यावरून तार नेऊ नये असं आतोबांचं मत असल्यामुळे ती बाल्कनीतून बाहेर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत, माळ्यावरून आणि कपाटामागून अशी चाळीस मीटर फिरून आली. यात नोव्हेंबर संपत आला.

त्यातच त्यांचा उजवा अंगठा दुखायला लागला. कनेक्टर बसवायला क्रिम्पिंग टूल नावाची पक्कड जोरात दाबावी लागते, ते त्यांना जमेना. मग ते काम आत्याकडे आणि माझ्याकडे आलं. आम्ही सरावासाठी दहा कनेक्टर बसवले. आतोबांनी त्यातला तिसरा आणि नववा भिंगाखाली धरून पाहिला आणि माल पास केला. खरी टोकं त्यांनी तपासली नाहीत, नमुना तपासून झाला होता.

खरी टोकं बसवायला मी आणि आत्या माझ्या खोलीत जमिनीवर बसलो. आत्याने आठ तारा बोटांत धरल्या, सरळ केल्या, आणि श्री. हिरव्यांना अलगद उचलून सौ. हिरव्यांच्या शेजारी ठेवलं, आणि उलट्या बसणाऱ्या निळ्यांनाही सरळ केलं, आधी बायको मग नवरा. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती म्हणाली की तो मिशीवाला म्हणाला होता ना, दोन्हीकडे सेम असलं की झालं. मग दोन्हीकडे सेम करू. "लोकांच्या घरी काय बसायचं ते बसू देत," ती म्हणाली. "आपल्या घरात तरी दोघं शेजारी बसतील." दुसरं टोक मी तसंच बसवलं. लावून पाहिलं तर इंटरनेट सुरू झालं. आत्याने केबलवरून एकदा हात फिरवला आणि भाजी निवडायला गेली.

कॉलची वेळ महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनची होती. मी सुट्टी घेतली होती. आतोबा इस्त्रीचा शर्ट घालून, केस बसवून, पांढऱ्या भिंतीपुढे माझ्या लॅपटॉपसमोर बसले. बँकेच्या एक शांत आवाजाच्या मॅडम पडद्यावर आल्या, नमस्ते झालं, आणि त्यांनी आतोबांना पापण्या मिटायला सांगितलं. आतोबा हलले नाहीत. मॅडम पुन्हा म्हणाल्या. इथे अडचण अशी होती की आतोबा कॅमेऱ्यासमोर बसले की जुन्या काळच्या फोटोसारखे बसतात, श्वाससुद्धा जपून घेतात. त्यामुळे चित्र थिजलंय की माणूस, हे मॅडमना कळेना, आणि मॅडमही थिजल्या असल्यामुळे आतोबांना कळेना. दोघं बराच वेळ एकमेकांकडे आदराने पाहत राहिले. मग आवाज तुटत तुटत आला, "सर, थोड़ा हिलिए." पाठोपाठ, काळजीने, "घर में और कोई है? सर ठीक हैं ना?" आत्या दारातून म्हणाली, "ठीक हैं जी. ऐसे ही बैठते हैं."

कॉल तुटला. पुन्हा लावला, पुन्हा पापण्यांपाशी येऊन थिजला. तिसऱ्यांदा आतोबांनी पापण्या मिटल्या, पण चित्र नेमकं मिटलेल्या पापण्यांवर थिजलं, आणि ते दृश्य दाखल्याच्या दृष्टीने फारच वाईट दिसत होतं. साडेतीन वाजले. मॅडमनी आत्याच्या मोबाइलवर फोन करून सांगितलं की चार वाजता पोर्टल बंद होईल. त्यानंतर सरांच्या नावापुढे हयात नसल्यासारखी नोंद जाईल आणि पेन्शन थांबेल. मग ती उठवायला अर्ज, प्रतिज्ञापत्र, कितीतरी फेऱ्या. शाखेत यायचं तर त्या वेळी गुरुग्रामहून दिल्लीला अर्ध्या तासात पोचणं हे कोणालाही शक्य नव्हतं. मी माझा फोन पुढे केला, म्हटलं याच्यावरून कॉल लावू, दोन मिनिटांचं काम आहे.

आतोबांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी हयात आहे हे तारेवरून कळलं पाहिजे," ते म्हणाले. "हवेतून कळतात ते आत्मे."

हे ते गमतीने बोलले नव्हते. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक झाला होता. ते केबलचा एक-एक हात तपासत कपाटामागे गेले, माळ्याखाली गेले, परत आले, आणि म्हणाले की तार चांगली आहे, पीळ चांगला आहे, म्हणजे दोष त्यांच्यातच असणार. आपलं चित्रच आता पुढे जात नसेल. सव्वीस वर्षं लोकांच्या मालात खोट काढलेला माणूस पांढऱ्या भिंतीपुढे बसून स्वतःचा हात उलटसुलट करून पाहत होता. आत्या माझ्याकडे बघत होती. मी लहानपणापासून कुठल्याही खोलीत सगळ्यात शेवटी बोलणारी मुलगी आहे, आणि बऱ्याचदा शेवट यायच्या आत खोली रिकामी होते.

"आतोबा," मी म्हणाले, "हिरवे शेजारी बसलेत."

त्यांना समजायला एक क्षण लागला. "कुठल्या टोकाला?"

"दोन्ही."

ते आत्याकडे वळले. आत्या भांडायच्या तयारीत होती. तिने पदर खोचलासुद्धा होता. पण आतोबा चिडले नाहीत. त्यांनी चष्मा नीट केला, केबलचं टोक हातात घेतलं आणि एखाद्या लहान मुलीला समजवावं तसं तिला सांगितलं की तिसऱ्या आणि सहाव्या खुर्चीला मिळून एकच काम असतं, म्हणून त्या दोन खुर्च्यांवर एकाच घरातली, एकमेकांना पीळ घातलेली माणसं लागतात, नाहीतर थोडंफार पोचतं, पण जास्त बोलणं आलं की तुटतं. "तू हिरव्यांना शेजारी बसवलंस," ते म्हणाले, "त्यामुळे सहाव्या खुर्चीवर कोण आलं? मोज." आत्याने बोटाने मोजलं. सौ. नारिंगे, श्री. नारिंगे, सौ. हिरवे, श्री. हिरवे, सौ. निळे. ती थांबली. सहाव्या खुर्चीवर श्री. निळे बसले होते. म्हणजे ज्या माणसावर तिचा एवढा राग, त्याच्याच हाती तिने सौ. हिरव्यांना दोन्ही टोकांनी दिलं होतं.

"अय्या," आत्या म्हणाली, आणि खाली बसली.

पंधरा मिनिटं उरली होती. मी मागच्या खोलीत एक टोक कापलं, आत्याने दिवाणखान्यात दुसरं, आणि आतोबा मधल्या पॅसेजमध्ये उभं राहून दोन्हीकडे ऐकू जाईल अशी हजेरी घेऊ लागले. सौ. नारिंगे बसल्या का, बसल्या. श्री. नारिंगे, बसले. माझ्याकडचे श्री. निळे खुर्चीवर जायला तयार नव्हते. तेवढ्यात मॅडमचा फोन आला. आत्याने तो खांद्याने कानाशी धरला आणि हात न थांबवता सांगितलं की बस, पांच मिनट, मिसेस हिरवे बैठ गईं, मिस्टर निळे बैठ रहे हैं. मॅडमनी विचारलं की घरात किती लोक आले आहेत. आत्या म्हणाली, आठ. मॅडम अतिशय मायेने म्हणाल्या, "मैडम, सर अभी हैं ना? हौसला रखिए."

चार वाजायला चार मिनिटं असताना चित्र लागलं, आणि ते इतकं स्वच्छ होतं की आतोबांच्या शर्टाच्या खिशावरचा शाईचा डाग दिसत होता. त्यांनी पॅनकार्ड दाखवलं, चार आकडे वाचले, आणि पापण्या मिटायला सांगितल्यावर एकदा नाही, सहा-सात वेळा मिटल्या, जणू मागच्या तीन कॉलचेही भरून देत असावेत. "हो गया सर," मॅडम म्हणाल्या. मग सुटकेचा श्वास सोडून, "आप जीवित हैं." आतोबांनी हात जोडून त्यांचे आभार मानले, अगदी त्यांनीच ते घडवून आणल्यासारखे.

चहा झाला. दाखल्याची प्रत मी ऑफिसला गेल्यावर छापून आणते म्हटलं, तर आतोबांना तोवर धीर निघेना. ते पडद्यावरच पुन्हा पुन्हा वाचत होते. आत्या कप उचलायला आली. ती त्यांच्या मागे उभी राहून थोडा वेळ वाचत राहिली आणि म्हणाली, "चांगलं आहे. मला कधी कोणी विचारलं नाही हो."

काय विचारलं नाही, ते म्हणाले.

"हयात आहे का."

ती ते सहज म्हणाली होती, कप घेऊन निघालीही होती. आतोबांनी लॅपटॉप तिच्या बाजूला वळवला, कॅमेरा सुरू केला आणि पांढऱ्या भिंतीपुढची खुर्ची ओढून दिली. आत्या हसत हसत, कप हातात घेऊनच बसली. आतोबा समोर बसले, कोरा कागद घेतला आणि खाकरले.

"आपलं नाव सांगा," ते म्हणाले.

मी त्यांना आत्याशी ‘आपलं’ म्हणताना कधी ऐकलं नव्हतं. आत्याचं हसू कमी झालं. तिने कप जमिनीवर ठेवला, पदर सारखा केला, आणि जे नाव सांगितलं ते मी कधीच ऐकलं नव्हतं. तीन अक्षरांचं होतं. लग्नात आमच्याकडे मुलीचं नाव बदलत, ताटात तांदूळ पसरून त्यात नवं नाव अंगठीने लिहीत; हे मला ऐकून माहीत होतं. आत्याला त्याआधी दुसरं एक नाव होतं, हे मात्र मला कधी सुचलंच नव्हतं. ते मी इथे लिहीत नाही. आतोबांनी मान वर केली नाही. त्यांनी तिला पापण्या मिटायला सांगितल्या. तिने मिटल्या, आणि उघडायला जरा वेळ लावला. मग त्यांनी सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं की या नावाची व्यक्ती आज रोजी माझ्यासमोर हजर असून हयात आहे, आणि खाली सही केली. साक्षीदार म्हणून मलाही करायला लावली.

आत्याने कागद लांब धरून वाचला. बराच वेळ वाचला.

"वेलांटी दुसरी दिलीत," ती म्हणाली. "माझ्या नावात पहिली आहे."

आतोबांनी कागद परत घेतला, पाहिलं, आणि ते अक्षर खोडलं नाही. नवीन कागद काढला आणि पहिल्यापासून लिहायला बसले.